शिताफळाचा श

सिंगापूरहून आल्यापासून सासवडात मला जो तो एकच विचारतो, "सिंहाच्या तोंडातून पाणी पडतं ते बघितलंत का?" बघितलं बाबांनो, पडतं पाणी. फोटोही काढलाय, हवा तर बघा. पण तिथे मी जे ऐकलं ते सांगायला लागले की लोक "हो का?" म्हणतात आणि भाजी घ्यायला चालू लागतात. त्यात मी दिवाळी अंकांतून रहस्यकथा लिहिणारी बाई, म्हणजे बोलणं आधीच संशयास्पद. तेव्हा आता लिहूनच टाकते. रचायचीच असती तर मी या गोष्टीत निदान एक खून तरी घातला असता.

बुओना व्हिस्टा

सून ऑफिसच्या कामासाठी जपानला जाणार होती, म्हणून माझी रवानगी सिंगापूरला झाली. "आई, रेवाकडे बघायला कुणीतरी हवं," असं सुमेध फोनवर म्हणाला. रेवा म्हणजे माझी नात. प्रत्यक्षात तिच्याकडे बघायला मी तिला सापडायचेच नाही. सकाळी शाळा, मग पोहणं, मग चिनी भाषेचा क्लास. संध्याकाळी मी थालीपीठ पुढे ठेवलं की ती म्हणायची, "आजी, डोन्ट वॉन्ट लाह." हे 'लाह' तिथे प्रत्येक वाक्याच्या शेपटाला असतं. मीसुद्धा एकदा रागाने म्हटलं, "मग उपाशी राहा लाह." ती खूप हसली आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेली.

त्यांचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅटचा टॉवर, अगदी चकाचक. खाली निळंशार पाणी भरलेला तलाव, आणि त्यात कधी कुणी पोहताना दिसलं नाही. लिफ्टमध्ये मी शेजाऱ्यांकडे बघून हसायचे, ते मजल्यांच्या आकड्यांकडे बघायचे. आमच्याकडे जिन्यात भेटलेला माणूस निदान "काय, आज कुठे?" एवढं विचारून आपलं नाक खुपसतो. त्याचा मला इथे फार वैताग येतो. तिथे त्याच्यावाचून मला करमेना.

आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली. सासवडच्या घरात मी एकटीच असते, त्याची सवय झाली आहे असं वाटायचं. पण मुलाच्या घरात, तीन माणसांच्या चपला दाराशी असताना दिवसभर एकटं बसायचं, हे काही मला जमलं नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी मी फ्रिजशी बोलले. "दार नीट लाव रे," असं म्हणाले आणि स्वतःच दचकले. मग पर्स उचलली आणि सरळ एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, स्टेशन गाठलं.

क्वीन्सटाउन

गाडीच्या खिडकीतून जुन्या सरकारी इमारती दिसल्या. खिडक्यांबाहेर बांबू, बांबूंवर वाळत घातलेले कपडे. कुणाच्या तरी चड्ड्या-बनियन दिसल्यावर बरं वाटलं आणि मी तिथेच उतरले. ते क्वीन्सटाउन.

इमारतींच्या पोटात हॉकर सेंटर होतं. मोठं छप्पर, खाली खाण्याचे गाळे, मधे बसायला पक्की टेबलं. मी 'कोपी' घेतली. ही त्यांची कॉफी, घट्ट गोड दुधाची. आमच्या बासुंदीत कुणी कॉफी सांडली तर तशी लागेल. एका टेबलावर कुणीच नव्हतं, फक्त कागदी रुमालांचं एक पाकीट पडलेलं. कुणीतरी विसरलं असणार. मी बसले, त्यातला एक काढून घाम पुसला, एकाने नाक पुसलं.

तेवढ्यात पाठीमागून खणखणीत मराठी आलं. "मेल्या, मुडद्या, तुझं वाटोळं होवो!"

मी ताडकन उठले. इतक्या दूर येऊन मराठीत शिव्या खायच्या म्हणजे काय! वळून म्हणाले, "अहो, पण मी काय केलंय? आणि 'मेल्या' काय? मला म्हणायचं तर 'मेले' तरी म्हणा!"

मागे एक गोरी म्हातारी उभी होती. फुलाफुलांचा झगा, हातात काठी, नव्वदीच्या घरातली. तिचं तोंड उघडंच राहिलं. शिवी मला नव्हतीच. ती पलीकडच्या टेबलावर बसलेल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याकडे बघून पुटपुटत होती. तो आपला शांतपणे सफरचंद सोलत होता.

"काय गो," ती हळूच म्हणाली, "तू मराठी?"

"अर्थात!"

"मग माझे रुमाल का संपवलेस? इथं रुमाल ठेवला म्हणजे जागा धरली."

म्हणजे आपण एसटीच्या खिडकीतून सीटवर टोपी टाकतो, तसंच. मी मनापासून माफी मागितली. तिने माझा हात धरला तो सोडेचना. "बोल," म्हणाली, "काहीपण बोल. मराठी ऐकून किती वर्षं झाली."

तिचं नाव रोझाबाई. पोलंडमधली ज्यू मुलगी. युद्धात आईवडील, घरदार सगळं गेलं. एका शेतकऱ्याने लाकडाच्या खोपटात लपवून ठेवलं म्हणून ही वाचली. युद्धानंतर मुंबईतल्या डॉक्टर मामाने तिला बोलावून घेतलं. मामा भायखळ्याला राहायचा, शेजारी कोकणातलं बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, कुटुंब. त्या घरच्या बाईने हिला मराठी शिकवलं, शिव्यांसकट. पुढे सिंगापूरच्या ज्यू व्यापाऱ्याशी लग्न झालं, नवरा वारला, मुलगा ऑस्ट्रेलियात. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये ती आणि कामाला राहणारी एक फिलिपिनो बाई, एवढंच घर.

मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी फुशारकीने सांगितलं, "मी याच विषयावर दिवाळी अंकात कादंबरी लिहिलीय! छळछावणीतून वाचलेले पाचजण एका नाझी अधिकाऱ्याला हुडकून काढतात आणि कॉफीतून विष देतात."

"पकडले जातात?"

"छे! फार बेमालूम कट आहे."

रोझाबाईंनी मला नीट न्याहाळलं. "गाव कुठलं तुझं?"

"सासवड. पुण्याजवळ, पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी."

त्यांच्या हातातली काठी खाली पडली. मी उचलून दिली. "उद्या ये," त्या म्हणाल्या. "नक्की ये."

दुसऱ्या दिवशी पोचले, तर टेबलावर रुमालांची दोन पाकिटं होती. एक माझ्यासाठी. खरं सांगते, त्या अख्ख्या शहरात माझी जागा कुणीतरी धरून ठेवल्याचा तो पहिलाच दिवस.

"तो बघ," त्या म्हणाल्या. "ओटो." हे नाव ऐकलं की मला आमच्या स्वयंपाकघरातला ओटाच डोळ्यांपुढे यायचा, पण ती वेळ हसण्याची नव्हती. ज्या दिवसाचं रोझाबाई सांगत होत्या, त्या दिवशी त्या खोपटात होत्या, फळीच्या फटीतून बघत होत्या. अंगणात त्यांचे वडील उभे. पायरीवर नाझी अधिकारी बसला होता आणि चाकूने सफरचंद सोलत होता. साल लांबच लांब, बुटापर्यंत लोंबत आलेलं. ते कुठेही न तुटता अखंड खाली पडलं तेव्हा तो खूश होऊन हसला, आणि त्याने मान हलवली. वडिलांना घेऊन गेले.

मी ओटोकडे पाहिलं. त्याच्या चाकूखालून सालाची एकच लांब पट्टी उतरत होती.

"जर्मन आहे," रोझाबाई म्हणाल्या. "कोपीवाल्या चिनी आंटीला त्याने सांगितलंय की युद्धात तो लहान होता आणि हिंदुस्थानात होता. पुण्याजवळ, पुरंदर नावाच्या किल्ल्यावर. इंग्रजांनी कैदेत ठेवलं होतं म्हणे आईबापांबरोबर. थापा! हे असलं कुणीही वाचून सांगेल. इथं पुरंदर कुणाला ठाऊक आहे तपासायला? मी बोलले नाही कधी त्याच्याशी. फक्त शिव्या देते, रोज. त्याला कळत नाहीत, म्हणून पोटभर देते."

पुरंदरावर जर्मन कैदी होते, हे खरं आहे. सासवडच्या जुन्या माणसांकडून मी ऐकलंय. हिटलरच्या भीतीने हिंदुस्थानात पळून आलेले ज्यूही जर्मन कागदांमुळे त्यांच्यातच कोंडले होते. पण माझ्यातली रहस्यकथालेखिका वेगळाच हिशोब करत होती. तो अधिकारी आज जिवंत असता तर शंभरी उलटून केव्हाच गेली असती. ओटो फार तर नव्वदीचा दिसत होता. मी तसं म्हटलं.

"वय खोटं सांगतो," रोझाबाई ठामपणे म्हणाल्या. मग त्यांनी पर्समधून एक गोल डबी काढली आणि माझ्यापुढे उघडली. आत पांढऱ्या गोळ्या होत्या. "झोपेच्या. डॉक्टर देतो, मी घेत नाही. जागी राहते आणि साठवते. तो रोज हात धुवायला उठतो तेव्हा त्याची कोपी टेबलावरच असते."

मी आयुष्यभर कागदावर माणसं मारली, पण अशी डबी कधी पाहिली नव्हती.

"तू सासवडची. तू तपास," त्या म्हणाल्या. "तुझं विमान सुटायच्या आत मला सांग. खोटा निघाला, तर मी डबी उघडीन."

"आणि खरा निघाला तर?"

त्यांनी डबी बंद केली.

मी त्यांना समजावलं, रागावले, पोलिसांचं भय घातलं. "या वयात मला काय करणार?" असं म्हणून त्या कोपी ढवळत बसल्या. पोलिसांकडे जाऊन मी तरी काय सांगणार होते? नव्वदीची बाई, झोपेच्या गोळ्या आणि सफरचंदाचं साल? मला वाटलं, ओटो खरं बोलतोय याची त्यांना खातरी पटवून द्यावी, म्हणजे प्रश्न मिटला. मी उठून ओटोच्या टेबलाशी गेले आणि इंग्रजीत ओळख करून दिली. सासवडची, पुरंदरच्या पायथ्याची. त्याचा चाकू थांबला. निळे डोळे माझ्यावर बराच वेळ राहिले. मग मी माझा ठेवणीतला सापळा लावला. "किल्ल्यावर मुरारबाजींचा मोठा पुतळा आहे, तो आठवत असेल ना?"

"पुतळा?" तो म्हणाला. "नाही. चर्च होतं. बराकी होत्या. धुकं फार. पुतळा नव्हता."

अगदी बरोबर. पुतळा स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षांनी बसला. मी विजयी मुद्रेने परतले, पण रोझाबाईंनी ते फुंकरीसरशी उडवून लावलं. "वाचलं असेल. हुशार असतात ते." मग म्हणाल्या, "आमच्या जुन्या पोथीत एक गोष्ट आहे. लढाईत हरलेले लोक नदी ओलांडायला आले. उतारावर पहारेकरी. ते प्रत्येकाला एकच शब्द म्हणायला सांगायचे. ज्याला 'श' म्हणता येईना, जो 'स' म्हणाला, तो शत्रू. तिथंच कापला. तसा शब्द आण मला. पुस्तकात नसलेला."

रॅफल्स प्लेस

सुमेधचं ऑफिस इथे. उंचच उंच बँका, खाली चालणारी माणसं सगळी घाईत आणि सगळी इस्त्रीची. मी त्याला म्हटलं, मला तुझ्याशी बोलायचंय, जेवायला भेट. तो भेटला, लेक गुणी आहे माझा. पण टेबलावर दोन मोबाइल उपडे ठेवलेले आणि दोन्ही सारखे गुरगुरत होते.

"सुमेध," मी म्हणाले, "क्वीन्सटाउनला एक बाई आहे, ती एका माणसाला विष देणार आहे."

"वा!" तो नूडल्स खाता खाता म्हणाला. "मस्त आहे प्लॉट. नवीन?"

"प्लॉट नाही रे, खरंच. माझ्या सांगण्यावर आहे सगळं."

"म्हणजे निवेदकच गुंतलाय. भारी! शेवट काय करतेस?" तेवढ्यात एक मोबाइल वाजला आणि तो इंग्रजीत कुणाला तरी सॉरी म्हणत उठला. जाताना त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी लहान आहे की काय याची!

समोर त्याचे निम्मे नूडल्स तसेच होते. अन्न टाकू नये म्हणून मी ते खात बसले. आजूबाजूला शेकडो माणसं जेवत होती. मला एकदम यांची आठवण आली. माझी प्रत्येक कथा हे आधी वाचायचे आणि "हे पटत नाही गं" म्हणायचे. मला तेव्हा राग यायचा. आज कुणीतरी नुसतं "पटत नाही" एवढं म्हटलं असतं तरी मी धन्य झाले असते.

टेक्का मार्केट

लिटिल इंडियातला हा बाजार. अळूची पानं, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, सगळं होतं. पण मी मेथी घ्यायला गेले नव्हते, शब्द शोधायला गेले होते. काय विचारावं त्याला? गडाच्या दरवाज्यांची नावं? छापलेली आहेत. केदारेश्वराचं देऊळ? तेही आहे. ज्याचं नाव कुणी छापून ठेवलं नाही, असं काय असतं गावात?

एका तामिळ फळवाल्याच्या टोपलीत हिरवी खडबडीत फळं दिसली आणि पाय थांबले. "हे कुठलं?" मी विचारलं.

"कस्टर्ड ॲपल. सीतापळम्," तो म्हणाला.

"सीताफळ," मी त्याला सुधारलं. सासवडच्या शाळेतल्या मास्तरकीची जुनी खोड. वर्गात पुरंदर तालुक्याची पिकं सांगायची वेळ आली की पोरं एका सुरात ओरडायची, "शिताफळ, अंजीर!" आणि मी पट्टी आपटायचे. "शिताफळ नाही रे, सीताफळ! स! सीतामाईचा स!" आयुष्य गेलं माझं, पण वाड्या-वस्त्यांवरच्या एकाही पोराचा तो श मी काढू शकले नाही.

मी तिथेच गर्दीत उभी राहिले. छापताना सगळे सीताफळच छापतात. श फक्त आमच्या डोंगराखालच्या तोंडांत आहे.

त्यातल्या त्यात कडक फळ मी मुद्दाम निवडलं.

पुन्हा क्वीन्सटाउन

रोझाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. डबी त्यांच्या मुठीत होती. पलीकडे ओटो, त्याची कोपी, त्याचं सफरचंद. पिशवीतून फळ काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. तो नुसतं "कस्टर्ड ॲपल" म्हणाला असता तर मी रोझाबाईंना काय सांगणार होते, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

त्याने चाकू खाली ठेवला. फळ दोन्ही हातांत घेतलं, अंगठ्यांनी खवल्यांच्या मधल्या रेघा चाचपल्या. आमच्याकडे बायका टोपलीशी बसून करतात अगदी तसंच. मग मान हलवून, लहान मुलाच्या चढ्या आवाजात तो म्हणाला, "शिताफळ. डोळं उघडलं न्हाय."

खवल्यांमधली जागा पिवळसर होऊन सुटली की आमच्याकडे फळाचे डोळे उघडले म्हणतात. न उघडलेलं फळ कच्चं. हे कुठल्या पुस्तकात असेल?

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी रोझाबाईंकडे वळून म्हटलं, "श म्हणाला हो! श म्हणाला!" चिनी आंटी गाळ्यातून डोकावून बघायला लागली.

रोझाबाई जागच्या हलल्या नाहीत. "तिकडे चुकले ते मेले," त्या हळू म्हणाल्या. "हा चुकला आणि वाचला."

मग ओटो बोलला. इंग्रजीत बोलला, मधे मधे त्याची ती गावठी मराठी. खालच्या वाडीतून एक बाई फळांची टोपली घेऊन गडावर यायची. हा तिचं शिताफळ चोरायचा. ती अख्ख्या बराकीला ऐकू जाईल असं ओरडायची, "मेल्या, मुडद्या, तुझं वाटोळं होवो!" आणि निघताना त्याला एक पिकलेलं द्यायची. त्याच्या आईचा आजार मोठा होता, बाप कडक. लाड म्हणजे काय ते त्याला त्या शिव्यांतून कळलं.

"पुढे जहाजांवर नोकरी केली, इथे राहिलो, लग्न केलं," तो म्हणाला. "बायको गेली तेव्हा या भागात राहायला आलो. पहिल्या दिवशी कोपी घेऊन तिकडे कोपऱ्यात सफरचंद सोलत बसलो होतो. मागून आवाज आला, 'मेल्या.' मला वाटलं, भास. दुसऱ्या दिवशी जवळच्या टेबलावर बसलो. तेव्हापासून रोज इथेच बसतो."

"म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं?" मी विचारलं.

"सगळं नाही. मेल्या कळायचं. मुडद्या कळायचं. वाटोळं कळायचं." तो रोझाबाईंकडे बघत नव्हता, टेबलाकडे बघत होता. "ही बाई मनापासून म्हणतेय, हेही कळायचं. का, तेही अंदाजाने. माझ्या वडिलांच्या कोटावर नाझींचा तो बिल्ला होता. गडावरसुद्धा ते ज्यूंच्या पंगतीला बसले नाहीत. मी त्यांचं नाव लावतो. मग शिव्या दुसरं कोण खाणार?"

"तोंड उघडायचं होतंत की कधीतरी!" मी चिडून म्हणाले.

"उघडलं असतं तर यांनी बोलणं थांबवलं असतं," तो म्हणाला. "मग मी मराठी कुठे ऐकणार होतो?"

रोझाबाई उठल्या. काठी घेतली, डबी पर्समध्ये टाकली, आणि निघून गेल्या. रुमालांची पाकिटं टेबलावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. ओटो तिथेच बसलेला. सफरचंद पुढे, सोललेलं नाही. "आज शिव्या नाहीत," तो मला म्हणाला. मी कच्च्या शिताफळाची चौकशी केली. घरी तांदळाच्या डब्यात ठेवलंय म्हणाला.

मग मी चिनी आंटीला पत्ता विचारून रोझाबाईंच्या फ्लॅटवर गेले. कामवालीने लोखंडी जाळीचं दार उघडलं. त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, झग्याची बटणं वरखाली लागलेली. डबी त्यांनी आपणहून माझ्या हातात दिली. मला वाटलं, सुटले.

"तू चांगलं काम केलंस हो, सासवडकरणी," त्या म्हणाल्या. "तो नव्हे तो. मला बहुतेक ठाऊकच होतं. सफरचंदवाला कधीच मेला असेल कुठेतरी आपल्या गादीवर, नातवंडं भोवती घेऊन. त्याला एक शिवी नाही लागली माझी." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "पण मी रोज सकाळी उठायची ती याला शिव्या द्यायला. दात लावायची, केस विंचरायची, जिना उतरायची. आता कशासाठी उतरू गो?"

कादंबरीत असते तर चांगलं वाक्य दिलं असतं. मी त्यांची बटणं नीट लावून दिली आणि आले. डबी सुमेधच्या हातात ठेवली. "कथेतली आहे," म्हटलं. त्याने ती उघडून पाहिली आणि पहिल्यांदाच दोन्ही मोबाइल बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिला. त्या संध्याकाळी त्याने सगळं ऐकलं, पहिल्यापासून. मधे एकदा म्हणाला, "आई, हे पटत नाही गं." अगदी यांच्यासारखं. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

विमान दुपारचं होतं. सकाळी निरोप घ्यायला म्हणून हॉकर सेंटरला गेले. टेबलावर रुमालाचं पाकीट होतं, एकच. रोझाबाई आल्या होत्या. केस विंचरलेले, पण चेहरा उतरलेला. ओटोकडे पाठ करून बसल्या होत्या. मी कोपी आणली आणि पलीकडच्या टेबलावर बसले. का कोण जाणे, मधे जाववेना.

ओटोने त्यांना पाहिलं. जरा वेळाने खिशातून चाकू काढला आणि सफरचंद सोलायला घेतलं. चाकूचा आवाज ऐकून रोझाबाई खुर्चीतच वळल्या. इतकी वर्षं त्या सालाकडे बघून शिव्या द्यायच्या, त्या दिवशी नुसत्या बघत राहिल्या. साल वाढत गेलं, लोंबत खाली आलं, अखंड टेबलावर पडलं.

"माझे बाबापण असंच सोलायचे," त्या म्हणाल्या. मराठीत म्हणाल्या, कुणालाच नाही.

ओटोने सफरचंदाच्या फोडी केल्या, बशीत मांडल्या आणि बशी टेबलाच्या कडेपर्यंत, त्यांच्या बाजूला सरकवली. त्यांनी हात लावला नाही. त्यानेही खाल्लं नाही. दोघंही त्या बशीकडे बघत बसले. माझी निघायची वेळ झाली. मी पिशवी उचलली. दोघांपैकी कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं.

खांबापर्यंत गेले असेन, तेव्हा मागून तो खणखणीत आवाज आला.

"खा की, मेल्या! काळं पडतंय ते."